परीक्षानळीत आरएनए घडविणारे सेव्हेरो ओचोआ

सजीवांच्या पेशीबाहेर, परीक्षानळीत आरएनएची लांब साखळी प्रथम तयार झाली ती १९५५ मध्ये, न्यूयॉर्क विद्यापीठात. या यशाचे मानकरी होते स्पॅनिश जीवरसायनशास्त्रज्ञ सेव्हेरो ओचोआ.

ओचोआ यांचा जन्म २४ सप्टेंबर १९०५ रोजी स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरील लुआर्का या गावी झाला. ते सात वर्षांचे असताना वडील वारले. थोर मज्जाशास्त्रज्ञ रामोन इ काहाल यांच्याकडे शिकण्याच्या ओढीने त्यांनी माद्रिदमध्ये वैद्यकीय शिक्षण सुरू केले. पण काहाल तोवर निवृत्त झाले होते. १९२९ मध्ये पदवी मिळाल्यावर ओचोआ यांनी दवाखाना न थाटता संशोधनाची वाट धरली. १९३६ मध्ये यादवी युद्धाचा भडका उडाला आणि पत्नी कारमेनसह त्यांना मायदेश सोडावा लागला. हायडेलबर्ग, प्लिमथ, ऑक्सफर्ड असा प्रवास करीत १९४१ मध्ये ते अमेरिकेत पोहोचले आणि पुढील वर्षी न्यूयॉर्क विद्यापीठात रुजू झाले.

तेथे फ्रान्सहून आलेल्या सहकारी मारियान ग्रुनबर्ग-मानागो यांच्यासह त्यांनी एका जीवाणूतून पॉलिन्यूक्लिओटाइड फॉस्फोरिलेज हे विकर वेगळे केले. ते सुटे घटक जोडून आरएनए बनवीत असे. पेशीतील आरएनएचा निर्माता गवसला, अशी तेव्हा समजूत झाली. १९५९ चे नोबेल पारितोषिक ओचोआ आणि त्यांच्या हाताखाली पूर्वी काम केलेले आर्थर कॉर्नबर्ग यांना विभागून मिळाले.

परंतु लवकरच चित्र पालटले. डीएनए वाचून आरएनए बनविणारे खरे विकर १९६० च्या सुमारास सापडले. ओचोआ यांच्या विकराचे पेशीतील मुख्य काम आरएनए तोडण्याचे आहे, हेही स्पष्ट झाले.

तरीही हा शोध वाया गेला नाही. या विकराला डीएनएचा साचा लागत नसल्याने हव्या त्या अक्षरांचा आरएनए बनविता येत होता. १९६१ मध्ये मार्शल निरेनबर्ग आणि हाइनरिख मथाई यांनी केवळ ‘यू’ या अक्षराची साखळी वापरली, तेव्हा फेनिलअॅलनिन या एकाच अमिनो आम्लाची माळ तयार झाली. जनुकीय संकेताचा पहिला शब्द उलगडला. पुढील शब्दांच्या शोधात ओचोआ यांचा गटही हिरिरीने उतरला. १९६८ मध्ये या कार्याचे नोबेल निरेनबर्ग, हरगोविंद खुराना आणि रॉबर्ट हॉली यांना मिळाले. ओचोआ यांचे नाव त्यात नव्हते.

१९८५ मध्ये ते मायदेशी परतले. १ नोव्हेंबर १९९३ रोजी माद्रिद येथे त्यांचे निधन झाले. तेथील रेण्वीय जीवशास्त्र केंद्राला त्यांचे नाव आहे. त्यांच्या विकराचा अभ्यासही थांबलेला नाही. जीवाणूंतील लघु आरएनए किती काळ टिकावेत, हे ठरविण्यात आरएनएला चिकटणाऱ्या एचएफक्यू या प्रथिनाबरोबर त्याचाही वाटा असतो, असे आता दिसून आले आहे. शोधाला प्रथम लावलेला अर्थ चुकला, तरी शोधाचे मोल त्यावर ठरत नाही, हेच ओचोआ यांच्या चरित्रावरून कळते.