अंतोनियाचं वाद्य

सतार शिकायची तर आधी घरात सतार हवी. तबला शिकायचा तर जोडी हवी. विकतची नाही जमली तर कुणाची तरी उसनी मिळते. पण एखादीचं वाद्यच ऐंशी-नव्वद माणसांचं असेल तर? आणि ती माणसं तिला कुणी देईचना, तर तिने रियाज करायचा कशावर? अंतोनिया ब्रिको या बाईचं अवघं आयुष्य या एका प्रश्नाशी झगडण्यात गेलं.

पाश्चात्त्य संगीतात सिम्फनी नावाचा प्रकार आहे. आपल्याकडे मैफलीत एक कलाकार राग फुलवत नेतो, ऐन वेळी सुचेल तशी तान घेतो. सिम्फनीत सगळं आधी कागदावर लिहिलेलं असतं. साधारण चार भाग, अर्ध्या-पाऊण तासाची रचना आणि ती वाजवायला साठ ते शंभर माणसं. पुढे व्हायोलिन, व्हायोला, चेलो. मागे बासऱ्या आणि क्लॅरिनेट. त्यामागे पितळी वाद्यं आणि नगाऱ्यासारखे टिंपनी. प्रत्येकापुढे फक्त आपल्या वाट्याचा कागद. सगळ्यांचं सगळं एकत्र लिहिलेलं असतं ते एकाच माणसापुढे, कंडक्टरपुढे. मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांना हातात बारीक छडी घेऊन हे काम करताना तुमच्यापैकी काहीजणींनी टीव्हीवर पाहिलं असेल. कंडक्टर स्वतः एकही स्वर वाजवत नाही. समोर बसलेली माणसं हेच त्याचं वाद्य. ती नसतील, तर त्याची विद्या डोक्यातल्या डोक्यातच राहते.

अंतोनियाचा जन्म १९०२ सालचा, हॉलंडमधल्या रॉटरडॅमचा. आई अविवाहित. बाळ दत्तक पालकांकडे गेलं, त्यांनी तिचं नाव बदलून विल्हेल्मिना ठेवलं आणि १९०८मध्ये तिला घेऊन ते अमेरिकेत, कॅलिफोर्नियात आले. घरात प्रेमाचा दुष्काळच होता. पोर सारखी नखं खायची. तिचे हात कशात तरी गुंतवा, पियानो शिकवा, असं डॉक्टरांनी सुचवलं म्हणे. नखं सोडवायला आलेला पियानो मुलीच्या मनात घर करून बसला. पुढे एकदा बागेत बँडसमोर उभा राहून संगीत चालवणारा माणूस तिने पाहिला आणि आपल्याला हेच करायचंय, हे तिचं ठरून गेलं. मोठी झाल्यावर तिने आपलं जन्माचं नाव परत घेतलं.

१९२३मध्ये बर्कलीच्या विद्यापीठाची पदवी मिळाली. पुढे तिने जर्मनी गाठली. बर्लिनच्या संगीत अकादमीत संचालनाच्या खास वर्गात तिला १९२७मध्ये प्रवेश मिळाला. १९२९मध्ये तो अभ्यासक्रम पूर्ण करणारी ती पहिली अमेरिकन ठरली. कार्ल मुक या नावाजलेल्या कंडक्टरकडेही ती शिकली. आणि १९३०मध्ये बर्लिन फिलहार्मोनिकसारखा जगातला अव्वल वाद्यवृंद तिच्या छडीवर वाजला. तेव्हा ती तिशीतही नव्हती!

आता दारं उघडतील, असं कुणालाही वाटलं असतं. तसं झालं नाही. १९३३मध्ये न्यूयॉर्कला कार्यक्रम ठरले, ते गाजलेही. पण पुढच्या कार्यक्रमातल्या एका नामवंत गायकाने बाईच्या हाताखाली गायला नकार दिला आणि तिची संधी गेली. तिच्या कलेत कुणी खोट काढली नव्हती. बाई असणं हीच अडचण होती.

तिने काय केलं? १९३४मध्ये न्यूयॉर्कमध्ये फक्त स्त्रियांचा वाद्यवृंद उभा केला. त्या काळी मोठ्या वाद्यवृंदांत हार्प वाजवणारी एखादी बाई चालायची. बाकी बायकांना मज्जाव. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, टिंपनी ही तर पुरुषांचीच वाद्यं, बाईचा दम कसा पुरणार, अशी समजूत. अंतोनियाच्या वाद्यवृंदात ती सगळी वाद्यं बायकांनीच वाजवली. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनीही पाठबळ दिलं. १९३८मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचं संचालन करणारी पहिली स्त्री म्हणूनही तिची नोंद झाली.

मग तिच्या मनात आलं की आता वेगळी चूल कशाला? स्त्री-पुरुष शेजारी बसून वाजवू देत. १९३९मध्ये तिने पुरुषांनाही घेतलं. झालं भलतंच! बायकांचा वाद्यवृंद म्हणून जे कौतुक होतं ते ओसरलं आणि आश्रयदातेही पांगले. नवल म्हणून बायका चालत होत्या, बरोबरीने बसल्यावर नको झाल्या. ही गोष्ट आपल्याला अगदीच अनोळखी आहे का?

१९४२मध्ये ती कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हर शहरात गेली. तिथल्या व्यावसायिक वाद्यवृंदाचं पद मिळेल अशी आशा होती. ते मिळालं नाही. ती तिथेच राहिली, घरी पियानोच्या शिकवण्या घेऊ लागली. महायुद्धानंतर फिनलंडच्या थोर संगीतकार सिबेलियस यांनी तिला हेलसिंकीला संचालनासाठी बोलावलं. म्हणजे परदेशात मान आणि आपल्या गावात शिकवण्या!

१९४०च्या दशकाच्या अखेरीस डेन्व्हरमधल्या हौशी वादकांचा एक वाद्यवृंद तिच्या हाती आला. नाव होतं बिझनेसमेन्स ऑर्केस्ट्रा. दिवसभर पोटापाण्याचा उद्योग करायचा आणि संध्याकाळी वाद्य घेऊन तालमीला यायचं, अशी ही मंडळी. बर्लिन फिलहार्मोनिक चालवलेल्या बाईने यांना शिकवायचं! पण कित्येक वर्षं तिने हे काम केलं, आणि बेथोवन म्हणजे बेथोवन, हौशी म्हणून त्याला सूट नाही, याच बाण्याने केलं.

हौशी वाद्यवृंदात वाजवणं कसं असतं? बेथोवनची पाचवी सिम्फनी घ्या. तिचे सुरुवातीचे चार ठोके जगभर माहीत आहेत. पण त्यात ट्रॉम्बोनवाले तीन भाग नुसते बसून असतात. त्यांची पाळी येते चौथ्या भागात. तोवर वाद्य मांडीवर आणि कान बाकीच्यांकडे. व्हायोला वाजवणाऱ्यांच्या वाट्याला बहुतेकदा मुख्य चाल येतच नाही; मधलं भरण ते करतात. ऐकणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही, पण काढून टाकलं तर गाणं पोकळ होतं. आमटीतल्या मिठासारखंच हे. जो स्वतः त्या गर्दीत बसून वाजवतो, त्याला सिम्फनी आतून कळते. मग तीच रचना थोरामोठ्यांच्या वाद्यवृंदाकडून ऐकताना कुणी कुणाला हात दिला, कुणी माघार घेतली, हे त्याला ऐकू येऊ लागतं. अंतोनियाने डेन्व्हरच्या शेकडो साध्या माणसांना हे कान दिले. पुढे त्या वाद्यवृंदाला तिचंच नाव मिळालं, ब्रिको सिम्फनी.

तिच्या शिष्यांत ज्युडी कॉलिन्स नावाची मुलगी होती. तेराव्या वर्षी तिने अंतोनियाच्या वाद्यवृंदासोबत मोझार्ट वाजवला. पुढे ज्युडी लोकगीतांकडे वळली, तेव्हा गुरूला फार वाईट वाटलं. पण याच शिष्येने १९७४मध्ये जिल गॉडमिलोबरोबर अंतोनियावर माहितीपट काढला. त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं आणि जगाला या बाईची आठवण झाली. मोठमोठी बोलावणी आली. १९७५मध्ये, त्र्याहत्तराव्या वर्षी, ती पुन्हा न्यूयॉर्कला वाद्यवृंदासमोर उभी राहिली. १९८९मध्ये डेन्व्हरलाच तिचं निधन झालं.

त्या माहितीपटात तिने आपलं दुःख लपवलं नाही. वर्षभर वाजवता आलं असतं तिथे वर्षाकाठी मोजकेच कार्यक्रम हाती येतात, ही सल तिला होतीच. तिने मिळालं ते गोड मानून घेतलं, असं म्हणणं तिच्यावर अन्याय होईल. तिला अधिक हवं होतं आणि तिची ती योग्यताही होती. पण तेवढं मिळेपर्यंत तिने छडी खाली ठेवली नाही. तिचा तो हौशी वाद्यवृंद आज डेन्व्हर फिलहार्मोनिक या नावाने वाजतो आहे.

लग्नानंतर माळ्यावर गेलेली पेटी आपल्यापैकी कितीजणींकडे असेल! आता या वयात काय, मोठं नाव थोडंच होणारे, असं म्हणून ती वरच राहते. हक्काचं मिळालं नाही म्हणून भांडावं, जरूर भांडावं. पण ते भांडण मिटेपर्यंत पेटी वर कशाला ठेवायची? गल्लीतल्या चौघी जमवा आणि ती खाली काढा.