टिळकांनी सोडलेले वेतन

रेव्हरंड नारायण वामन टिळक आपणांस कवी म्हणून परिचित आहेत. चर्चपुढे त्यांनी ठेवलेला प्रश्न मात्र विस्मृतीत गेला आहे. १८६१ मध्ये कोकणात ब्राह्मण कुळात जन्मलेल्या टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. आप्त दुरावले, पत्नी लक्ष्मीबाईही काही वर्षे दूर राहिल्या. परंतु उपदेशक परदेशी मिशनचा वेतनदार असला, की बंधुभावात मालक-चाकराचे नाते शिरते, हे त्यांना सलू लागले. १९१७ मध्ये वेतन सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला. तेथे बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तालाही स्थान होते. १९१९ मध्ये ते निवर्तले. देवापुढील माणसाची योग्यता संस्थेच्या नोंदवहीत ठरत नाही, हा त्यांचा आग्रह कोणत्याही धर्मसंस्थेने विसरू नये.