बोलोच्या मालकीणबाई

लॅब्रॅडोर हे नाव आपल्या इंदूरच्या कॉलन्यांमध्ये आता नवे राहिलेले नाही. सकाळी साडेसहाला फिरायला निघावे, तर दर दुसऱ्या गल्लीत एखादा काळा नाहीतर बदामी लॅब्रॅडोर मालकाला ओढत नेताना दिसतो. मी पशुपालन खात्यात नोकरीला आहे. डिप्लोमा झाल्यापासून काम मुख्यतः गाई-म्हशींचे, पण खाते कळले की ओळखीचे लोक कुत्र्यांचेही प्रश्न घेऊन घरी येतात. गेल्या वर्षभरात एकच प्रश्न तीन वेगवेगळ्या घरांतून आला. कुत्रा दोन-अडीच वर्षांचा झाला, ऐकत नाही, अंगावर गुरगुरतो, आता कुणाला देऊन टाकता येईल का?

तिन्ही वेळा मला एका इंग्रज बाईंची आठवण झाली. आपल्याकडे त्यांचे नाव सहसा कुणाला ठाऊक नसते. कुत्री पाळणाऱ्यांच्या जगात मात्र त्यांचे नाव फार मोठे आहे. त्या म्हणजे लेडी लॉर्ना हाऊ.

लॉर्ना मूळच्या कर्झन. बंगालची फाळणी करणारे व्हाइसरॉय कर्झन याच मोठ्या कुळातले, पण शाखा वेगळी. वडील सैन्यात मेजर होते. पहिले लग्न कॅप्टन क्विंटिन डिक यांच्याशी झाले आणि शिकारी कुत्र्यांच्या वर्तुळात त्या प्रथम मिसेस क्विंटिन डिक म्हणूनच माहीत झाल्या. पुढे ते लग्न राहिले नाही. चौथे अर्ल हाऊ यांच्याशी दुसरे लग्न झाले आणि थोड्याच काळात, १९२९ च्या जानेवारीत, अर्ल वारले. काउंटेस ही पदवी बाईंच्या नावाला कायमची चिकटली. घरदार, पैसा, पदव्या हे सगळे होतेच, त्यात नवल नाही. लिहिण्यासारखे आहे ते एका कुत्र्यापासून पुढे.

त्याआधी ज्या मैदानावर हे सगळे घडले ते थोडे समजून घ्यायला हवे. पक्ष्यांच्या शिकारीतल्या कुत्र्यांची कामे वाटलेली असतात. पॉइंटर आणि सेटर जातीचे कुत्रे गवतात दडलेल्या पक्ष्याचा वास घेऊन जागच्या जागी थबकतात आणि शिकाऱ्याला पक्षी दाखवतात. रिट्रिव्हरचे काम त्याच्या नंतरचे. पक्षी पडला की तो शोधायचा, तोंडात धरायचा आणि न चिरडता आणून मालकाच्या हातात द्यायचा. या कुत्र्यांच्या मैदानी परीक्षांना फील्ड ट्रायल म्हणतात. पहिली गाजलेली ट्रायल १८६५ साली इंग्लंडमध्ये बेडफर्डशायर परगण्यातल्या साउथिल येथे झाली. ती पॉइंटर-सेटर यांची होती. रिट्रिव्हरच्या ट्रायल विसाव्या शतकाच्या तोंडावर सुरू झाल्या. लॅब्रॅडोर ही स्वतंत्र जात म्हणून केनेल क्लबने १९०३ साली मान्य केली. त्याआधी हे काळे कुत्रे न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांकडून जहाजाने आलेले आणि काही थोड्या सरदारांच्या जहागिरीत वाढवलेले.

ट्रायल म्हणजे कसरतीचा खेळ नव्हे. बीट किंवा सलगमाच्या शेतातून बंदूकधारी, पंच आणि कुत्र्यांचे मालक एका ओळीत चालत जातात. कुत्र्याच्या गळ्यात पट्टा नाही, साखळी नाही. फेझंट उडतो, बंदूक वाजते, पक्षी खाली येतो आणि कुत्र्याने तोवर जागचे हलायचे नाही. पायाशी ससा उठून पळाला तरी नाही. पंचाने सांगितल्यावर मालक कुत्रा सोडतो. पक्षी मेलेला असेल तर काम सोपे. खरी परीक्षा पंख मोडून पळालेल्या पक्ष्याची. तो पडतो एकीकडे आणि पायी पळत कुंपणाच्या झुडपात शिरतो तिसरीकडेच. मालकाला वाटते पक्षी डावीकडे आहे, तो शिट्टी वाजवतो, हात दाखवतो. कुत्र्याचे नाक सांगत असते की पक्षी उजवीकडे गेला. तेव्हा कुणी कुणाचे ऐकायचे? कुत्र्याने पक्षी आणला की पंच त्या पक्ष्याच्या बरगड्या बोटांनी चाचपून पाहतात. बरगड्या दबलेल्या निघाल्या तर कुत्र्याचा जबडा कडक ठरतो आणि तो बाद होतो. एका कुत्र्याला न सापडलेला पक्षी दुसऱ्याने आणला तर त्याला तिकडच्या शिकारी बोलीत पहिल्याचा डोळा पुसला असे म्हणतात. आपल्याकडे डोळे पुसणे म्हणजे सांत्वन, तिकडे अगदी उलट.

बंदुकीने पक्षी पाडण्याची हौस मला स्वतःला पटत नाही आणि आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर तो विषयच संपला. पण जखमी जीव झुडपात तडफडत टाकून यायचा नाही, हे या कुत्र्याच्या कामाचे मूळ आहे, एवढे मान्य करावे लागते.

अशा मैदानावर कोवळा कुत्रा आणि मुरलेला कुत्रा यांत मोठा फरक पडतो. मुरलेल्याला वारा कळतो. जखमी पक्ष्याचा वास आणि धडधाकट पक्ष्याचा वास तो वेगळा ओळखतो, कुठल्या कुंपणात काय दडते हे त्याला आठवत असते. पण आठवणी चांगल्याच असतात असे नाही. मोठ्या कुत्र्याला मारही आठवतो.

लॉर्नाबाईंचा पहिला लॅब्रॅडोर स्कँडल ऑफ ग्लिन. त्याचा बाप पीटर ऑफ फॅस्कली, १९११ साली रिट्रिव्हरची मोठी अजिंक्यपद स्पर्धा जिंकलेला. स्कँडलवर बाईंचा फार जीव होता आणि तो लवकर गेला. त्याच्या मागे संतती जवळजवळ राहिलीच नाही. बाईंनी शोध सुरू केला. त्याचा एक मुलगा हयात असल्याचे कळले. डिसेंबर १९१५ चा जन्म, नाव बोलो. (आपल्या हिंदीतल्या बोलोशी या नावाचा काही संबंध नाही, पण आमच्या घरी मुलांनी ही गोष्ट ऐकली तेव्हा याच नावावर सगळे हसले.)

कुत्रा हयात होता, पण त्याची कीर्ती चांगली नव्हती. एकामागून एक शिकवणाऱ्यांनी त्याला हातात घेऊन सोडून दिले होते. हट्टी, बेफाम, भरवसा नाही असा शेरा त्याच्या नावावर पडलेला. शिकवण्याची तेव्हाची सर्वमान्य पद्धत म्हणजे चाबूक आणि या कुत्र्याने तो पुरेपूर खाल्ला होता. अशा कुत्र्याचा शेवट तिकडे सहसा एका गोळीने होत असे. मार्च १९१८ मध्ये, महायुद्ध अजून चालू असताना, बाईंनी त्याला घरी आणले. तेव्हा तो सव्वादोन वर्षांचा होता. म्हणजे माझ्याकडे येणारे लोक ज्या वयाचा कुत्रा देऊन टाकायला निघतात, नेमका त्याच वयाचा.

बाईंनी एक गोष्ट पक्की धरली. या कुत्र्याला मारायचे नाही. वाचताना हे अगदी साधे वाटते. पण ज्याला माणसाचा हात वर गेला की मार बसतो एवढेच ठाऊक आहे, त्याला हाताची खूण शिकवायची कशी? ट्रायलमध्ये तर सगळे काम हाताच्या खुणांवर आणि शिट्टीवर. तो हात त्याला आधी निरुपद्रवी वाटला पाहिजे, मग ओळखीचा, मग हवाहवासा. याला घाई चालत नाही. खाऊ घालणे, जवळ बसणे, सोबत हिंडणे यात दिवस जातात आणि दाखवण्यासारखे काहीच होत नाही. बोलो हळूहळू बाईंच्या मागे-मागे राहू लागला.

मग बंदुकीची वेळ आली. बंदुका घेतलेली माणसे समोर दिसताच इतक्या दिवसांची सगळी कमाई क्षणात गेली आणि बोलो पळून गेला. शोधाशोध झाली. अखेर तो परत आला तो रक्तबंबाळ होऊन. कुंपणाच्या अणकुचीदार टोकांनी त्याचे अंग फाटले होते. बाईंनी स्वतः जखमा धुतल्या, स्वतः टाके घातले आणि त्याच्यापाशीच बसून राहिल्या.

इथे मला धंद्यातले थोडे सांगितल्यावाचून राहवत नाही. वेदनेत असलेले जनावर आपले-परके पाहत नाही. आमच्याकडे जखमी कुत्रा आला तर आधी पट्टीने त्याचे तोंड बांधतो, मग जखमेला हात लावतो आणि ते बरोबरच आहे. मालकालाच चावा घेतलेला मी कितीदा पाहिला आहे. ज्या कुत्र्याला काही महिन्यांपूर्वी भरवशाचा नाही म्हणून हाकलले होते, त्याने बाईंना सुई टोचू दिली. माझ्या मते बोलोची ट्रायल त्याच दिवशी झाली. पुढच्या स्पर्धांत पंचांनी फक्त निकाल लिहिला.

आणखी एक बारीक गोष्ट. तो पळाला खरा, पण परत कुठे आला? ज्या ठिकाणी त्याला कधी मार बसला नव्हता तिथे.

जखमा भरल्यावर बाईंनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. बंदूक म्हणजे मार नव्हे, तर बंदुकीनंतर आपल्याला आवडीचे काम मिळते, हे त्याला उमगायला वेळ लागला. उमगल्यावर मात्र त्याचे खरे रूप दिसले. आजोबा पीटरचे नाक त्याच्यात उतरले होतेच. युद्ध संपले, ट्रायल पुन्हा भरू लागल्या आणि बाई स्वतः बोलोला घेऊन मैदानात उतरल्या. हे मैदान तेव्हा पुरुषांचेच, त्यातही पिढीजात रखवालदारांचे आणि पगारी शिकवणाऱ्यांचे. तिथे ही बाई आणि हा बदनाम कुत्रा. थोड्याच काळात बोलो फील्ड ट्रायलचा चॅम्पियन झाला.

काही जाणकारांनी एवढ्यावरही नाक मुरडले असते, कारण कामाचा कुत्रा दिसायला यथातथाच असतो असा समज होता. प्रदर्शनातले कुत्रे वेगळे, रानातले वेगळे. बाईंना हे मान्य नव्हते. त्यांनी बोलोला प्रदर्शनांतही नेले. तिथे चॅम्पियन व्हायला तीन वेगवेगळ्या पंचांकडून तीन प्रमाणपत्रे लागतात. बोलोने तीही मिळवली. मैदान आणि प्रदर्शन दोन्हींत चॅम्पियन असलेला बँचरी बोलो हा लॅब्रॅडोर जातीतला पहिला कुत्रा. बँचरी हे बाईंच्या कुत्र्यांचे घराण्याचे नाव, आपल्या संगीतातल्या घराण्यांसारखे समजा ना.

१९२७ साली बोलो गेला. तोपर्यंत त्याची पिल्ले आणि नातवंडे चहूकडे पसरली होती. त्यांतही दोन्हींकडचे चॅम्पियन निघाले.

लॅब्रॅडोर क्लबची हकीकत थोडक्यात सांगतो. १९१६ मध्ये आर्थर हॉलंड-हिबर्ट, म्हणजे पुढचे लॉर्ड नट्सफर्ड, यांच्यासोबत बाईंनी तो स्थापन केला. कारण तेव्हाच्या नियमांत संकर झालेला कुत्राही दिसतो त्या जातीच्या नावाने नोंदवता येई आणि त्यामुळे जात बिघडेल अशी भीती होती. पहिल्यापासून चिटणीसपद बाईंकडे, १९३५ साली लॉर्ड वारल्यावर अध्यक्षपद. १९६१ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या त्या खुर्चीवर होत्या. आपल्या मंडळांत चिटणीसपद कोण किती वर्षे सांभाळतो हे ठाऊक असलेल्यांना पंचेचाळीस वर्षे म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको.

क्रफ्ट्स हे तेव्हा लंडनला भरणारे जगप्रसिद्ध श्वानप्रदर्शन. तिथे सगळ्या जातींतून एकच सर्वोत्कृष्ट कुत्रा निवडतात. बाईंचा ब्रॅमशॉ बॉब १९३२ आणि १९३३ अशी लागोपाठ दोन वर्षे तिथे पहिला आला. १९३७ साली त्यांच्याच चेव्हरेल्स बेनने तो मान मिळवला. बॉब केवळ शोभेचा नव्हता, रानातही काम करणारा होता आणि बाईंना त्याचा अभिमान त्यासाठीच असणार.

एका बाबतीत मात्र काळ त्यांच्या बाजूने राहिला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर दोन्ही मैदाने मारणारे लॅब्रॅडोर फार विरळ झाले. आता इंग्लंडातही प्रदर्शनाचे लॅब्रॅडोर जाडजूड, रुंद डोक्याचे असतात आणि ट्रायलचे सडसडीत, चपळ. दोघांना शेजारी उभे केले तर एक जात आहे असे वाटत नाही. आपल्याकडे पहिला प्रकार आला, आणि त्यात आपण त्याला पोळ्या, बिस्किटे आणि पोहे घालतो. मैलोगणिक रान तुडवण्यासाठी घडवलेले जनावर दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये अडीच वर्षांचे होते आणि मग ते ऐकत नाही अशी तक्रार माझ्याकडे येते.

त्या तीन घरांपैकी एकाने कुत्रा ठेवून घेतला. बोलोची गोष्ट ऐकून की काय ते माहीत नाही. आजोबांनी रोज पहाटे तासभर फिरवायचे कबूल केले म्हणून असेल. तो काळा आहे. काळ्या लॅब्रॅडोरच्या पंजाच्या मागच्या बाजूला, गादीच्या लगत, कधी-कधी चार पांढरे केस असतात. पाहणाऱ्याला तो दोष वाटतो. कुत्री वाढवणारे त्याला बोलोची खूण म्हणतात, कारण त्याच्या वंशात ती पिढ्यान्पिढ्या उतरत आली. लस टोचायला गेलो तेव्हा मी त्याचे चारही पंजे उलटे करून पाहिले. मागच्या डाव्या पायाला होते.