राखेतून उचललेले काम

११ मार्च १८१२ ची संध्याकाळ. सेरामपूरच्या मिशन छापखान्याला आग लागली तेव्हा विल्यम केरी कलकत्त्यास होते. फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली, संस्कृत व मराठी शिकविण्यासाठी त्यांना आठवड्यातले काही दिवस तेथे राहावे लागे. दुसऱ्या दिवशी सकाळी सहकारी मार्शमन बातमी घेऊन आले. कागदाचा साठा, अनेक लिप्यांचे खिळे, पवित्र शास्त्राच्या भाषांतरांची हस्तलिखिते, पंजाबी व तेलुगू व्याकरणे आणि वर्षानुवर्षे खपून जमविलेला बहुभाषी कोश, सारे जळाले होते. धुमसत्या ढिगाऱ्यातून फिरताना केरींचे डोळे भरून आले. देवाच्या माणसाने रडू नये असे ज्यांना वाटते, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

पुढल्या रविवारी त्यांनी स्तोत्र ४६ वर उपदेश केला. मग पंडितांना घेऊन ते पुन्हा लिहावयास बसले. एकदा चाललेली वाट दुसऱ्या वेळी सोपी जाते, भाषांतरही तसेच अधिक चांगले होईल, असा त्यांचा हिशेब होता. वॉर्डसाहेबांनी राखेतून अक्षरांचे पोलादी ठसे शोधून काढले. वितळलेल्या धातूचेच नवे खिळे ओतले जाऊ लागले.

ही वृत्ती त्या एका रात्रीत आलेली नव्हती. इंग्लंडात जोडे शिवणारा हा माणूस जवळ पुस्तक ठेवून भाषा शिकला. आपल्याला नेटाने काम ओढता येते, याहून मोठा गुण आपल्यात नाही, असे ते पुतण्याला सांगत. त्याच चिकाटीने, पंडित वैजनाथांच्या साह्याने, त्यांनी १८०५ मध्ये मराठी व्याकरण, १८१० मध्ये मोडी अक्षरांतला मराठी कोश आणि १८११ मध्ये मराठी नवा करार छापला होता.

पण एक गोष्ट आपल्या भाषणांतून बहुधा गाळली जाते. पत्नी डोरोथीबाईंची हिंदुस्थानात येण्याची मुळात इच्छा नव्हती. १७९४ मध्ये पाच वर्षांचा पीटर गेला आणि त्यांचे मन ढळले. १८०७ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते सावरले नाही. शेजारच्या खोलीत केरी भाषांतर करीत बसत. ज्या निग्रहाने त्यांना तारले, त्याची किंमत त्या माउलीने किती मोजली, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देत नाही.

आगीनंतर पंजाबी व्याकरण त्याच वर्षी निघाले, तेलुगू १८१४ मध्ये. तो बहुभाषी कोश मात्र पुन्हा कधीच झाला नाही.