घटक ५ : ऋण आणि कृतज्ञता – डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे परदेशी शिक्षण

५.१ प्रस्तावना

चरित्र वाचताना आपले लक्ष पदव्या, पदे आणि गाजलेले प्रसंग यांकडे प्रथम जाते. त्यामागील पैशांचा हिशेब मात्र बहुधा नजरेआड राहतो. डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचे कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन येथील शिक्षण तुम्हांला ठाऊक आहेच. या घटकात आपण त्या शिक्षणाची किंमत कोणी दिली, ती परत कशी मागितली गेली आणि फेडता न येणाऱ्या ऋणाचे ओझे घेऊन एक माणूस परक्या देशात कसा शिकत राहिला, हे पाहणार आहोत. तुमच्यापैकी अनेकांनी नोकरी आणि संसार सांभाळून पुन्हा पुस्तक हाती घेतले आहे. शिक्षण आणि पैसा यांतील ओढाताण तुम्हांला समजावून सांगण्याची गरज नाही.

५.२ करारनामा

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव १९०७ साली मॅट्रिक झाले. पुढे एल्फिन्स्टन महाविद्यालयातील शिक्षणासाठी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना दरमहा २५ रुपये शिष्यवृत्ती दिली. बी. ए. झाल्यावर भीमराव बडोदा संस्थानच्या नोकरीत दाखल झाले. पण थोड्याच दिवसांत, २ फेब्रुवारी १९१३ रोजी, वडील रामजी सुभेदार यांचे निधन झाले. त्याच वर्षी संस्थानाने त्यांची अमेरिकेतील उच्च शिक्षणासाठी निवड केली.

जून १९१३ मध्ये भीमरावांनी संस्थानाशी लेखी करार केला. नेमून दिलेल्या विषयांचा अभ्यास करायचा आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा करायची, अशी त्यातील अट होती. या कराराचे स्वरूप नीट लक्षात घ्या. मिळणारी रक्कम नावाने शिष्यवृत्ती होती. परंतु सेवेची अट मोडल्यास तिचे रूपांतर कर्जात होणार होते. सेवा हीच त्या कर्जाची परतफेड होती. त्या वेळी ही अट जाचक वाटण्याचे काही कारण नव्हते. वडील गेलेल्या, घरची जबाबदारी अंगावर आलेल्या तरुणाला शिक्षण आणि त्यानंतर नोकरी अशा दोन्ही गोष्टी एकाच कागदावर मिळत होत्या.

५.३ न्यूयॉर्क ते बडोदे

न्यूयॉर्कमध्ये त्यांना दरमहा साडेअकरा पौंड मिळत. त्यातून घरी पैसे पाठवावे लागत. उरलेल्यात जेवण, निवास आणि पुस्तके. १९१५ साली ते एम. ए. झाले. १९१६ मध्ये त्यांनी भारतातील जातिव्यवस्थेवर आपला प्रसिद्ध निबंध वाचला, पीएच. डी.साठी प्रबंध सिद्ध केला आणि ते लंडनला गेले. तेथे कायद्यासाठी ग्रेज इन आणि अर्थशास्त्रासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स येथे त्यांनी प्रवेश घेतला. मात्र शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि संस्थानाने त्यांना परत बोलावले. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत अभ्यास पुन्हा सुरू करता येईल, अशी परवानगी लंडन विद्यापीठाकडून मिळवूनच ते निघाले. ही परवानगी पुढे किती मोलाची ठरली, हे आपण पाहणारच आहोत.

ऑगस्ट १९१७ मध्ये ते मुंबईत उतरले आणि कराराप्रमाणे बडोद्यास रुजू झाले. पुढे त्यांना अर्थमंत्री करावे, असा महाराजांचा मानस होता. तूर्त लष्करी सचिव म्हणून नेमणूक झाली. कचेरीत शिपाई कागद दुरून टाकीत. पिण्याचे पाणी मिळणे कठीण होते. शहरात राहायला जागा नव्हती, म्हणून पारशी नाव घेऊन ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून निघून जाण्यास बजावले. दोन स्नेह्यांकडे आसरा मागितला, तर दोघांनीही निमित्ते सांगितली. दिवाणांनीही असमर्थता दर्शवली. काही तास सार्वजनिक बागेत बसून काढल्यावर भीमराव रात्रीच्या गाडीने मुंबईस परतले.

येथे क्षणभर थांबून विचार करा. करार कोणी मोडला? कागदावर पाहिले, तर नोकरी सोडणाऱ्याने. पण ज्या नगरात अधिकाऱ्याला रात्री पाठ टेकायला जागा मिळत नाही, तेथे दहा वर्षांची सेवा होणार तरी कशी? भीमराव सेवेसाठी स्वतः हजर झाले होते. सेवा अशक्य केली ती अस्पृश्यतेने. संस्थानच्या हिशेबवहीत मात्र अस्पृश्यतेसाठी रकाना नव्हता. तेथे फक्त येणे रक्कम होती, आणि ती वीस हजार रुपयांच्या आसपास होती.

५.४ लंडनमधील दुसरे पर्व

नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात त्यांना प्राध्यापकाची जागा मिळाली. पगार दरमहा ४५० रुपये होता. दुसरा एखादा माणूस येथे स्थिरावला असता. त्यांनी काटकसर करून पैसे साठवले, मित्र नवल भथेना यांच्याकडून ५,००० रुपये उसने घेतले, कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य मिळवले आणि जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले. चार वर्षांची मुदत अजून संपली नव्हती.

या वेळी पाठीशी संस्थानची शिष्यवृत्ती नव्हती. उलट बडोद्याचे प्रकरण मिटलेले नव्हते, मित्राचे देणे होते आणि परळच्या चाळीत रमाबाई तुटपुंज्या पैशांत संसार ओढत होत्या. त्यात हुंडणावळीने घात केला. १९२० च्या प्रारंभी एका रुपयाला अडीच शिलिंगांहून अधिक मिळत. १९२१ मध्ये हाच दर सुमारे सव्वा शिलिंगावर आला. म्हणजे रुपयांत साठवलेली तीच रक्कम लंडनमध्ये जवळजवळ निम्मी झाली. परदेशात शिकणाऱ्याचे उत्पन्न एका चलनात आणि खर्च दुसऱ्या चलनात असेल, तर कर्जाचा आकडा त्याने काही न करताही वाढतो, हे यावरून तुमच्या ध्यानात येईल.

सप्टेंबर १९२१ मध्ये त्यांनी शाहू महाराजांना पत्र लिहून २०० पौंड मागितले. ही मदत त्यांनी कर्ज म्हणून मागितली आणि परतल्यावर व्याजासह फेडण्याची हमी दिली. याच काळात ते रुपयाच्या प्रश्नावर संशोधन करत होते. जो प्रश्न प्रबंधात सोडवायचा, तोच रोजच्या जेवणाच्या हिशेबात भोगायचा, अशी त्यांची स्थिती होती.

१९२१ साली त्यांना एम. एस्सी. मिळाली, पुढे बॅरिस्टरीही पूर्ण झाली. डी. एस्सी.च्या प्रबंधात परीक्षकांनी बदल सुचवले तेव्हा हाती पैसे उरले नव्हते. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईस परतले, येथूनच सुधारित प्रबंध पाठवला आणि त्याच वर्षी पदवी मिळवली.

५.५ वसुली आणि अर्पणपत्रिका

वकिलीची सनद घेण्याइतकेही पैसे जवळ नव्हते. तेव्हाही भथेना मदतीस आले. अशा काळात बडोदा संस्थानाने शिष्यवृत्तीच्या रकमेची मागणी लावून धरली. बाबासाहेब तिच्यापासून लपले नाहीत. पत्रव्यवहार करून त्यांनी आपली बाजू मांडली. वकिलीत जम बसेपर्यंत व्यापारी कायदा शिकवण्याचे अर्धवेळ कामही त्यांनी केले. बरीच वर्षे रेंगाळल्यावर संस्थानाने अखेर ही वसुली सोडून दिली.

आता एक गोष्ट विशेष लक्षात घ्या. १९२५ साली, म्हणजे हा तगादा ताजा असताना, ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो त्यांनी शिक्षणासाठी केलेल्या मदतीबद्दल कृतज्ञता म्हणून सयाजीराव महाराजांना अर्पण केला. ज्या दरबाराशी पैशांचा वाद चालू होता, त्याच्याच धन्याला हे अर्पण होते. बाबासाहेबांच्या मनात दोन खाती स्वतंत्र होती. करारातील रकमेबद्दल वाद होऊ शकत होता. ज्ञानाचे दार उघडून देणाऱ्याच्या उपकाराबद्दल त्यांच्या मनात वाद नव्हता.

हे दुसरे खाते त्यांनी पुढे आयुष्यभर फेडले. १९२४ साली त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि तिच्या वतीने १९२५ मध्ये सोलापूरला विद्यार्थी वसतिगृह सुरू झाले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी परदेशी शिक्षणाच्या सरकारी शिष्यवृत्त्या मिळवून दिल्या. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उभे राहिले. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या प्रयत्नांमुळे शिकलेली एक पिढी उभी राहिली होती.

५.६ सारांश

या घटकात आपण पाहिले, की बाबासाहेबांच्या परदेशी शिक्षणाला कराराचे बंधन होते. सामाजिक अन्यायामुळे त्याची पूर्तता अशक्य झाली. आणि ऋण डोक्यावर असतानाही त्यांनी शिक्षण सोडले नाही. देणेकऱ्यापुढे न लपणे, शक्य ते कष्ट करणे, अन्याय्य अटीबद्दल स्पष्ट बोलणे आणि उपकाराची जाण ठेवणे या चार गोष्टी त्यांच्या वर्तनात एकत्र नांदतात. पुढचे चरित्र वाचताना त्यातील पैशांचा हिशेबही वाचा. माणसाचे शील तेथेही उमटलेले असते.

५.७ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. बडोदा संस्थानाशी झालेल्या कराराचे स्वरूप सांगून तो पूर्ण का होऊ शकला नाही, ते स्पष्ट करा.
२. रुपयाच्या दरातील घसरणीचा बाबासाहेबांच्या लंडनमधील शिक्षणावर कोणता परिणाम झाला?
३. ‘कायदेशीर देणे आणि कृतज्ञता’ यांतील फरक १९२५ च्या ग्रंथार्पणाच्या आधारे तुमच्या शब्दांत लिहा.