मासिक अंकाचे बंधन आणि लेखकाचा आत्मविश्वास : विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या लेखनजीवनाचा एक विचार

अर्वाचीन मराठी गद्याच्या इतिहासात विष्णुशास्त्री चिपळूणकरांचे स्थान सर्वमान्य आहे. त्यांच्या निबंधांचे वाङ्मयीन आणि वैचारिक मूल्यमापनही विपुल झाले आहे. मात्र त्यांच्या लेखनामागील कार्यपद्धतीचा विचार तुलनेने कमी झालेला दिसतो. बत्तीस वर्षांचेही आयुष्य न लाभलेल्या आणि त्यातील बराच काळ शिक्षकाची नोकरी करणाऱ्या या लेखकाने एवढे लेखन कसे केले? भाषेला आत्मविश्वास देणारा लेखक म्हणून ज्यांचा गौरव होतो, त्यांचा स्वतःचा आत्मविश्वास कसा घडला? या दोन प्रश्नांची उत्तरे परस्परांत गुंतलेली आहेत. विष्णुशास्त्र्यांच्या जीवनक्रमाकडे पाहता असे दिसते की, त्यांनी लेखनाची उद्दिष्टे क्रमाक्रमाने वाढवीत नेली आणि प्रत्येक पुऱ्या झालेल्या कार्याने पुढील कार्यासाठी लागणारे बळ पुरविले.

विष्णुशास्त्र्यांचा जन्म २० मे १८५० रोजी पुण्यात झाला. वडील कृष्णशास्त्री चिपळूणकर हे संस्कृत आणि इंग्रजी या दोन्ही विद्यांत निष्णात, समर्थ भाषांतरकार आणि शिक्षणखात्यातील मान्यवर अधिकारी होते. अशा पित्याच्या घरी ग्रंथांचा सहवास सहज लाभला. परंतु त्या कीर्तीची छायाही तितकीच दाट होती. डेक्कन कॉलेजात शिकत असताना विष्णुशास्त्र्यांचे अवांतर वाचन अफाट होते. तथापि परीक्षेच्या दृष्टीने त्यांची कारकीर्द फारशी चमकदार ठरली नाही. १८७२ मध्ये ते बी. ए. झाले आणि त्यानंतर शिक्षकाच्या पेशात शिरले. प्रथम खाजगी शाळा आणि पुढे सरकारी हायस्कूल असा हा प्रवास होता. विद्यापीठीय यशाच्या मापाने मोजल्यास पुढील कर्तृत्वाची चाहूल देणारे यात फारसे काही नव्हते.

त्यांच्या लेखनाचा आरंभ स्वतंत्र ग्रंथाने झाला नाही, ही गोष्ट येथे महत्त्वाची ठरते. कृष्णशास्त्र्यांनी सॅम्युअल जॉन्सनच्या 'रासेलस'चे भाषांतर हाती घेतले होते. ते अपुरे राहिले. विष्णुशास्त्र्यांनी ते पुरे केले आणि १८७३ मध्ये ते प्रसिद्ध झाले. कृष्णशास्त्र्यांनी सुरू केलेल्या अरबी भाषेतील सुरस गोष्टींच्या भाषांतरातही विष्णुशास्त्री आणि हरि कृष्ण दामले यांचा हातभार लागला. अपुरे काम पूर्ण करण्यात विषय, आराखडा आणि व्याप्ती आधीच ठरलेली असते. नवशिक्या लेखकाला भेडसावणारी दोन भये, म्हणजे काय लिहावे आणि कोठे थांबावे, तेथे उरत नाहीत. राहते ते केवळ वाक्यरचनेचे आणि चिकाटीचे शिक्षण. विष्णुशास्त्र्यांना ते या कामातून मिळाले.

दुसरी पायरी 'शालापत्रका'ची. या मासिकाशी त्यांचा संबंध विद्यार्थिदशेतच जडला. कालिदास, भवभूती, बाण, सुबंधू आणि दंडी या पाच संस्कृत ग्रंथकारांवरील त्यांचे निबंध याच मासिकात आले आणि पुढे 'संस्कृत कविपंचक' या नावाने ग्रंथरूप झाले. येथे विषयाची निवड त्यांची स्वतःची होती. पण पाच कवी, एकेकाचा स्वतंत्र विचार, अशी मर्यादा आखलेली होती. मोठा ग्रंथ लिहावयाचा, या संकल्पाच्या ओझ्याखाली न दबता एकेक निबंध पुरा करीत गेल्यावर ग्रंथ आपोआप सिद्ध होतो, हा अनुभव त्यांना येथे आला असावा. १८७५ मध्ये 'शालापत्रक' बंद झाले. परंतु तोपर्यंत तिसरी आणि निर्णायक पायरी ते चढले होते.

जानेवारी १८७४ मध्ये 'निबंधमाले'चा पहिला अंक निघाला. त्या वेळी विष्णुशास्त्र्यांचे वय तेवीस वर्षांचे होते. 'विविधज्ञानविस्तार' हे मासिक १८६७ पासून चालू होते. ते अनेक लेखकांच्या सहकार्यावर उभे होते. 'निबंधमाले'चे स्वरूप सर्वस्वी निराळे होते. तिच्यातील जवळजवळ सर्व मजकूर एका हातचा असे. म्हणजे दरमहा अंक निघावयाचा तर तो एकट्यानेच लिहावयाचा, हे बंधन त्यांनी आपण होऊन स्वीकारले. शाळेची नोकरी चालू असताना घेतलेले हे व्रत होते. वर्गणीदारांचे ऋण दर महिन्याला नव्याने उभे राही आणि अंक बाहेर पडला की तेवढ्यापुरते फिटे.

या बंधनाचा लेखनावर झालेला परिणाम दुहेरी होता. एक तर विषय अंकांच्या मापाने विभागले गेले. मराठी भाषेची तत्कालीन स्थिती हा पहिलाच विषय होता. पुढे लेखनशुद्धी, भाषापद्धती, भाषांतर, इंग्रजी भाषा, वाचन, वक्तृत्व, इतिहास, लोकभ्रम, मोरोपंतांची कविता असे विषय आले. काही निबंध एका अंकात आटोपले, तर काही अनेक अंकांत पसरले. भाषाविषयक निबंध एकत्र वाचले तर एका सलग ग्रंथाची सामग्री त्यांत आढळते. तो ग्रंथ एकदम लिहावयाचे ठरविले असते तर कदाचित तो कधीच पुरा झाला नसता. दुसरे असे की, गंभीर निबंधाच्या जोडीला सुभाषिते, विनोद आणि आख्यायिका यांचीही योजना मालेत होती. त्यामुळे वाचकाला विसावा मिळे आणि दरमहाचे काम लेखकाच्या आवाक्यात राही.

या संदर्भात जॉन्सनचे उदाहरण आठवणे अपरिहार्य आहे. जॉन्सनने १७५० ते १७५२ या काळात 'रॅम्बलर' हे नियतकालिक आठवड्यातून दोनदा असे काढले आणि त्याचे २०८ अंक जवळजवळ एकट्याने लिहिले. त्याच सुमारास त्याचे कोशाचे काम चालू होते. तो कोश १७५५ मध्ये प्रसिद्ध झाला. विष्णुशास्त्र्यांनी जॉन्सनवर मालेत प्रदीर्घ चरित्रात्मक निबंध लिहिला. दारिद्र्य, व्याधी आणि आळसाकडे झुकणारी प्रकृती असूनही मुदतीच्या बंधनामुळे लिहिता राहिलेला हा ग्रंथकार त्यांना जवळचा वाटला, यात नवल नाही. जॉन्सनच्या शैलीचा त्यांच्यावरील प्रभाव समीक्षकांनी नोंदविलेला आहे; त्याच्या कार्यपद्धतीचा प्रभावही तितकाच विचारात घ्यावयास हवा.

अंकामागून अंक निघत गेले तसतसा लेखकाचा स्वर बदलत गेला. मराठी भाषेच्या सामर्थ्याविषयीची पहिल्या अंकातील श्रद्धा पुढे प्रत्यक्ष पुराव्याने पुष्ट झाली, कारण त्या भाषेत कोणताही विषय मांडता येतो हे माला स्वतःच सिद्ध करीत होती. स्वतःस मराठी भाषेचा शिवाजी म्हणवून घेण्यापर्यंत त्यांची मजल गेली, हे सर्वश्रुत आहे. हा आत्मविश्वास जन्मजात होता असे मानण्याची प्रथा आहे. परंतु परीक्षेत न चमकलेला, पित्याच्या अपुऱ्या भाषांतराने लेखनास आरंभ करणारा तरुण आणि हा उद्दाम स्वराचा निबंधकार यांच्यामध्ये नियमित लेखनाची अनेक वर्षे आहेत, हे विसरून चालणार नाही.

याच आत्मविश्वासाची दुसरी बाजूही दृष्टीआड करता येत नाही. लोकहितवादींवर त्यांनी केलेली टीका आणि जोतीराव फुले यांच्या लेखनाची त्यांनी उडविलेली खिल्ली यांत युक्तिवादापेक्षा उपहासाचा भर अधिक आहे. फुल्यांच्या भाषेतील व्याकरणदोष दाखविताना त्या लेखनामागील सामाजिक वेदनेकडे त्यांनी पाठ फिरविली. त्यांच्या जातिविषयक दृष्टीच्या मर्यादा येथे उघड होतात. दरमहा वाचकांसमोर उभे राहणाऱ्या एकट्या लेखकाला विरोधी मताची जागा आपल्याच पानांत ठेवण्याचे बंधन नव्हते. संपादकही तोच आणि लेखकही तोच. नियमित लेखनाने आत्मविश्वास येतो. तो विवेकयुक्त असेलच अशी हमी मात्र ते लेखन देत नाही. विष्णुशास्त्र्यांच्या चरित्रातून हाही निष्कर्ष तितक्याच स्पष्टपणे निघतो.

मधल्या काळात त्यांची बदली पुण्याहून रत्नागिरीस झाली. मुद्रणाच्या आणि मित्रमंडळींच्या केंद्रापासून दूर जावे लागले, तरी माला बंद पडली नाही. १८७८ मध्ये कृष्णशास्त्री निवर्तले. त्याच वर्षी 'काव्येतिहाससंग्रह' या मासिकाचा आरंभ झाला. जनार्दन बाळाजी मोडक आणि काशिनाथ नारायण साने यांच्यासह त्या उद्योगात विष्णुशास्त्र्यांचा सहभाग होता. चित्रशाळेची स्थापनाही याच वर्षीची. १८७९ मध्ये त्यांनी सरकारी नोकरीचा राजीनामा दिला. जानेवारी १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले आणि बाळ गंगाधर टिळक त्यांचे सहकारी झाले. जानेवारी १८८१ मध्ये 'मराठा' आणि 'केसरी' ही साप्ताहिके निघाली.

एका अंकाच्या मर्यादेत काम करण्यास शिकलेला लेखक आता संस्था उभारण्याइतका धीट झाला होता. परंतु उद्दिष्टे वाढली तशी शक्ती विभागली गेली. शाळा, छापखाना आणि वृत्तपत्र या सर्वांचा भार असताना एकट्याने मासिक चालविणे दुष्कर होते. अशा स्थितीत माला अर्धवट सोडून देणे सहज शक्य होते. तसे घडले नाही. सात वर्षांचे ८४ अंक पुरे झाले, आणि मालेच्या अखेरीस 'आमच्या देशाची स्थिति' हा त्यांचा सर्वांत गाजलेला निबंध आला. पहिल्या निबंधात भाषेची स्थिती आणि अखेरच्या निबंधात देशाची स्थिती, असा या मालेचा विस्तार आहे. तो निबंध इतका प्रखर ठरला की, लेखकाच्या निधनानंतर सुमारे तीन दशकांनी, १९१० मध्ये, सरकारने तो जप्त केला. ती बंदी १९३७ मध्ये उठली.

१७ मार्च १८८२ रोजी विष्णुशास्त्र्यांचे निधन झाले. त्या वेळी शाळा अवघी दोन वर्षांची होती आणि 'केसरी'ने दुसऱ्या वर्षात पदार्पण केले होते. ही कार्ये पुढे इतरांनी नेली. त्यांतील पुष्कळसे श्रेयही साहजिकच इतरांच्या नावे जमा झाले. 'निबंधमाला' मात्र पूर्णतः त्यांची राहिली, कारण ती त्यांच्या हयातीतच पूर्ण झाली होती.

पित्याचे अपुरे भाषांतर, पाच कवींवरील निबंध, एका हातचे मासिक आणि मग संस्था, असा हा क्रम आहे. आत्मविश्वास आल्यावर लिहू, असे म्हणत विष्णुशास्त्री थांबले असते, तर मराठी निबंधाचा इतिहास काही निराळा झाला असता. त्यांनी प्रथम अंकाची तारीख ठरविली. विश्वास त्यामागून आला. मराठी निबंधाच्या अभ्यासकाने त्यांच्या शैलीइतकाच या कार्यक्रमाचाही विचार करणे अगत्याचे आहे.