चित्रकार व्हायला निघालेले लक्ष्मणराव

लक्ष्मणराव किर्लोस्कर म्हटले की आपल्याला लोखंडी नांगर आठवतो. पण त्यांना व्हायचे होते चित्रकार! त्यांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर गावी झाला. वडिलांचा विरोध असूनही थोरले बंधू रामूअण्णांच्या आधारावर ते १८८५ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

मी हौसेने तैलचित्रे काढते. त्यात आधी रेखाटन, मग एकाच रंगात छायाप्रकाश, तो थर वाळला की त्यावर खरे रंग चढवायचे. खालच्या थरात तेल कमी, वरच्यात जास्त; नाहीतर पुढे चित्राला तडे जातात. लक्ष्मणरावांचा रेखाटनाचा हात उत्तम होता. पण दोन वर्षांनी कळले की काही रंगांतला फरक त्यांच्या डोळ्यांना कळतच नाही. मग वरचे थर चढायचे कसे?

ते खचले नाहीत. यंत्रांची रेखाचित्रे शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत तीच शिकवू लागले. पुढे बेळगावात त्यांनी नांगर घडविला. तेथील जागा सोडावी लागली, तेव्हा साताऱ्याकडील औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. ते स्वतः चित्रकार! त्यांनी कुंडलजवळ जमीन दिली आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. ती आज आपल्या सांगली जिल्ह्यात आहे. १९३० साली ‘स्त्री’ मासिक तेथूनच निघाले. लक्ष्मणराव १९५६ साली निवर्तले.

आपले मूल एखाद्या विषयात मागे पडले, तर त्याचा हात कशात चालतो ते आधी पाहू या.